बालमनाचे पारखी कसे घडले?

बंगळूरच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वस्ती आहे. एका अखंड शिळेतून कोरलेल्या भव्य नंदीवरून तिला हे नाव मिळाले. कार्तिक महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी ह्या नंदीपुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते आणि बाहेरगावचे शेतकरी आपले पहिले पीक तेथे घेऊन येतात. मंदिर जुने असले तरी भोवतालची वस्ती मात्र एका संकटातून जन्मली. १८९८ साली बंगळुरात प्लेगने हाहाकार माजविला आणि दाट पेठांतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून म्हैसूर सरकारने बसवनगुडी व मल्लेश्वरम् ह्या दोन नव्या वसाहती आखल्या. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि घरांभोवती मोकळी जागा, अशी ती आखणी होती. शरीराचे आरोग्य हा सार्वजनिक व्यवस्थेचा विषय आहे, खाजगी नशिबाचा नव्हे, ही जाणीव त्या आखणीच्या मुळाशी होती.

पुढे ही वस्ती विद्येचे माहेरघर बनली. ॲनी बेझंट ह्यांच्या प्रेरणेने १९१७ साली येथे नॅशनल कॉलेज निघाले. १९४५ साली बी. पी. वाडिया ह्यांनी विश्वसंस्कृतीच्या अभ्यासाची एक संस्था येथे स्थापन केली. त्याच वर्षी कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा ह्यांनी सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी दुसरी संस्था काढली आणि तिला नाव दिले ते महाराष्ट्राच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. मराठी माणसाला बसवनगुडी परकी वाटू नये ह्याला एवढे एक कारण पुरेसे आहे.

ह्या वस्तीच्या पूर्वेला लालबाग आहे आणि लालबागेच्या पलीकडे होसूर रस्त्यावर एक विस्तीर्ण रुग्णालय आहे. आज ते ‘निम्हान्स’ ह्या संक्षिप्त नावाने देशभर ओळखले जाते. शरीराच्या आरोग्यासाठी नगररचना करणाऱ्या ह्याच शहरात मनाच्या आरोग्यासाठी माणसे घडविण्याचा प्रयोग झाला. त्या प्रयोगातील एक धागा आजही सुटलेला नाही. तो धागा म्हणजे लहान मुलांच्या मनाची पारख करणाऱ्यांचे शिक्षण.

प्रश्न वरवर साधा दिसतो. शाळेत एखादे मूल मागे पडते. ते वाचत नाही, लिहिताना अक्षरे उलटी काढते, किंवा नुसतेच गप्प बसते. आई म्हणते, ते आळशी आहे. मास्तर म्हणतात, ते मंद आहे. आजी म्हणते, दृष्ट लागली आहे. ह्यांपैकी खरे काय, की चौथेच काही आहे, हे अधिकाराने कोणी सांगावयाचे? आणि तो अधिकार त्याला कोणत्या शिक्षणाने मिळावा? मुलाच्या भवितव्याविषयी एखादा अंक कागदावर लिहून देणाऱ्याच्या हातात फार मोठी सत्ता असते. त्या अंकावर मुलाची शाळा ठरते, परीक्षेतील सवलत ठरते, आणि कित्येकदा घरातले त्याचे स्थानही ठरते.

ह्या शास्त्राचा आरंभच मुळी एका मुलापासून झाला. १८९६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाकडे एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा मुलगा आणला. मुलगा हुशार होता, पण त्याला शब्दांचे वर्णलेखन काही केल्या जमत नसे. विटमरने तपासले तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष आढळला. चष्मा मिळाला, शिकवणी मिळाली, आणि मुलगा सुधारला. मानसशास्त्राच्या पहिल्या चिकित्सालयाची ही जन्मकथा होय. तिच्यातला बोध असा की, मुलाला ‘मंद’ म्हणण्यापूर्वी त्याचे डोळे तपासावे लागतात. पुढे १९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ ह्यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी रचली. शाळेत ज्यांना विशेष साहाय्य हवे अशी मुले ओळखून काढणे हाच तिचा हेतू होता.

भारतात हे वारे लवकरच पोहोचले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हैसूरला १९२४ साली एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी हा विभाग उभारला. लंडनमध्ये स्पिअरमन ह्यांच्यासारख्या बुद्धिमापनाच्या आचार्यापाशी त्यांचे शिक्षण झाले होते. ह्याच गोपालस्वामींनी १९३५ साली म्हैसूरला आपल्या राहत्या घरातून एक छोटे ध्वनिक्षेपण केंद्र चालविले आणि त्याला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. पुढे राष्ट्रीय नभोवाणीने तेच नाव स्वीकारले. मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने घरोघरी आवाज पोहोचविण्याचा ध्यास घ्यावा, हा योगायोग मोठा सूचक आहे.

परंतु बिनेची श्रेणी पॅरिसच्या मुलांसाठी होती आणि तिची १९१६ सालची स्टॅन्फर्ड आवृत्ती कॅलिफोर्नियाच्या मुलांसाठी. तिच्यातील प्रश्न, चित्रे, नाणी, शब्द हे सारे त्या मुलांच्या जगातले. भाषांतर केले की काम झाले, असे येथे चालत नाही. एका भाषेत सहा वर्षांच्या मुलाला येणारा शब्द दुसऱ्या भाषेत दहा वर्षांच्या मुलालाही अपरिचित असू शकतो. लाहोर येथे सी. हर्बर्ट राइस ह्यांनी हिंदुस्तानी भाषेत असा प्रयत्न केला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध झाला. मराठी व कन्नड मुलांसाठी हे काम केले ते व्ही. व्ही. कामत ह्यांनी.

कामतांचे क्षेत्र धारवाडचे होते. त्या काळी हा सारा मुलूख मुंबई इलाख्यात मोडत असे आणि कन्नड व मराठी ह्या दोन्ही भाषा तेथे शेजारधर्माने नांदत. कामतांनी हजारांवर मुलांची तपासणी करून बिनेच्या श्रेणीची पुनर्रचना केली. कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य, कोणता गाळावा, कोणता बदलावा, हे त्यांनी मुलांच्या उत्तरांवरून ठरविले. १९३४ साली त्यांचा निबंध ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० साली ‘भारतीय बालकांचे बुद्धिमापन’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. भाषेवरून सीमेचे वाद पुढे कितीही झाले, तरी मराठी आणि कन्नड मुलांचे मन एकाच मापाने मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एकाच माणसाने एकाच टेबलावर केला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

कसोटी हे साधन झाले; ते वापरणारी व्यवस्था मुंबईत उभी राहिली. १९३६ साली भायखळ्याच्या नागपाडा भागात सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा क्लिफर्ड मॅनशर्ट ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिच्या आश्रयाने डॉ. के. आर. मसाणी ह्यांनी बालमार्गदर्शन केंद्र चालू केले. देशातील हे पहिलेच केंद्र मानले जाते. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक ह्या तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावयाचा, ही तिची पद्धत. डॉक्टर शरीर व मनोविकार पाही, मानसशास्त्रज्ञ बुद्धी व स्वभाव तपाशी, समाजसेवक घरी जाऊन आईबापांशी बोले. तिघांचे मत एकत्र आल्यावाचून निर्णय होत नसे. एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता न देण्याचा हा शहाणपणा होता.

तथापि अशी माणसे आणावयाची कोठून? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यातील मानसिक आरोग्याचे चित्र विदारक होते. सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णालयांतील खाटा होत्या अवघ्या दहा हजारांच्या थोड्या पुढे. नव्या खाटा घालण्याइतकेच शिकलेली माणसे तयार करणे निकडीचे आहे, असे मत त्यातून पुढे आले. त्या विचारातून भारत सरकार व म्हैसूर सरकार ह्यांच्या सहकार्याने बंगळूरच्या मनोरुग्णालयाला जोडून ‘अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था’ उभी राहिली. २७ डिसेंबर १९५४ हा तिचा आरंभदिन. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. अमेरिकेत अडॉल्फ मायर ह्यांच्या हाताखाली आणि लंडनला मॉड्स्ली रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले होते. पण भारतीय तत्त्वचिंतनाचेही त्यांना आकर्षण होते.

१९५५ साली ह्या संस्थेने दोन पदविका सुरू केल्या. एक डॉक्टरांसाठी मनोविकारशास्त्राची आणि दुसरी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्रा’ची. दुसरी पदविका ही आपल्या देशातील चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या व्यावसायिक शिक्षणाची गंगोत्री होय. एम. ए. झालेला विद्यार्थी दोन वर्षे पूर्णवेळ रुग्णालयात राही. ग्रंथ वाचून मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. रुग्णासमोर बसून, चुकून, आणि ती चूक ज्येष्ठाने दाखवून दिल्यावर सुधारून तो घडतो, हे तत्त्व ह्या अभ्यासक्रमाने प्रथम मान्य केले. संस्कृतचे गाढे अभ्यासक एस. के. रामचंद्र राव ह्यांच्यासारखे अध्यापक ह्या विभागाला लाभले होते, त्यामुळे पाश्चात्त्य शास्त्राबरोबर भारतीय मानसविचाराचीही ओळख तेथे नांदत असे. १९६२ साली रांचीजवळील कांके येथील केंद्रीय रुग्णालयानेही अशीच पदविका काढली. कित्येक वर्षे साऱ्या देशाची भिस्त ह्या दोन ठिकाणांवरच होती.

ह्या अभ्यासक्रमात मुलांचे स्थान काय होते? येथेच आपल्या विषयाची मेख आहे. संस्था मूळच्या मनोरुग्णालयाच्या कुशीत जन्मली आणि मनोरुग्णालयात असत ती बहुतांशी मोठी माणसे. साहजिकच शिक्षणाचा साचा प्रौढ रुग्णाच्या मापाने बेतला गेला. मूल त्या साच्यात एक प्रकरण म्हणून आले, आणि विद्यार्थ्याच्या दोन वर्षांतील काही आठवडे अथवा महिने त्याच्या वाट्याला आले. विटमरच्या चिकित्सालयात शास्त्राचा आरंभ मुलापासून झाला होता. आपल्याकडे मूल मागाहून दारात उभे राहिले.

दार किलकिले झाले ते त्या त्या ठिकाणच्या कष्टाळू माणसांमुळे. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात आर्थर मॅलिन ह्यांनी वेक्स्लरच्या बालबुद्धिमापन श्रेणीला भारतीय रूप दिले. १९६९ च्या सुमारास ती पुढे आली आणि ‘मॅलिन श्रेणी’ म्हणून देशभर पसरली. सामाजिक परिपक्वता मोजण्याची व्हाइनलँड श्रेणीही त्यांनीच भारतीय मुलांना लावून पाहिली. म्हैसूरला जे. भारत राज ह्यांनी बालकाच्या विकासाची चाचणी तयार केली. बंगळुरात प्रा. मालविका कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या चिकित्सेचा अभ्यास रुग्णालयाच्या भिंतींबाहेर शाळांपर्यंत नेला आणि वाचन, लेखन, गणित ह्यांतील अडचणी ओळखण्याची कसोटीमाला सिद्ध केली. अशा रीतीने धारवाड, नागपूर, म्हैसूर आणि बंगळूर ह्या चार गावांनी भारतीय मुलाच्या मनाची मापे घडविली.

शिक्षणाची चौकट मात्र मुख्यतः नावाने आणि कायद्याने बदलत गेली. १९६८ साली बंगळुरात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९७४ साली संस्था व राज्याचे मनोरुग्णालय ह्यांचे एकीकरण होऊन ‘राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था’, म्हणजेच निम्हान्स, अस्तित्वात आली. १९७८ मध्ये जुन्या पदविकेला एम. फिल. चा दर्जा मिळाला. १९९२ साली भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी त्या परिषदेकडे आली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर त्याची व्याख्याच लिहून ठेवली: मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि तीवर देखरेखीखालील चिकित्सेसह दोन वर्षांची पूर्णवेळ एम. फिल. नामधारकांपासून समाजाचे रक्षण झाले, हा ह्या कायद्यांचा मोठा लाभ. परंतु व्याख्येत मुलांसाठी निराळ्या शिक्षणाची अट नाही. प्रौढांच्या विभागात मुरलेला आणि मुलांमध्ये मुरलेला, दोघेही कायद्याच्या दृष्टीने सारखेच.

इतर देशांनाही हा प्रश्न चुकला नाही. अमेरिकेत १९४९ साली बोल्डर येथील परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा संशोधकही असावा आणि चिकित्सकही असावा, असा दंडक घातला. पण त्यातही मुलाचा विचार वेगळा नव्हता. १९८५ साली हिल्टन हेड येथे बालचिकित्सा-मानसशास्त्राच्या शिक्षणावर स्वतंत्र परिषद भरली आणि १९९८ साली तेथील मानसशास्त्रीय संघटनेने ह्या शाखेला स्वतंत्र विशेषता म्हणून मान्यता दिली. म्हणजे ज्या देशात हे शास्त्र एका मुलापासून सुरू झाले, त्या देशालाही मुलाचा वेगळा हक्क मान्य करावयास शंभर वर्षे लागली.

आपल्याकडे हा प्रश्न आता शासनाच्या कागदावर येऊन ठेपला आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मान्य केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली आणि जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिची तपासणी कशी करावी हेही सांगितले. त्या सूचनांत बुद्धिमापनासाठी मॅलिनची अथवा वेक्स्लरची श्रेणी आणि अध्ययनासाठी निम्हान्सची कसोटीमाला नमूद आहे. नागपूर आणि बंगळूर येथील दोन खोल्यांत झालेले काम अशा प्रकारे राजपत्रात जाऊन बसले.

राजपत्रात गेलेले माप सहसा जुने होत नाही; मूल मात्र दर पिढीत बदलते. न्यूझीलंडमधील संशोधक जेम्स फ्लिन ह्यांनी १९८४ साली दाखवून दिले की, पिढी बदलली की मुलांचे सरासरी गुण वाढतात. म्हणून जुन्या प्रमाणावर मोजलेल्या आजच्या मुलाचा बुद्ध्यंक खरा असावा त्याहून अधिक भरतो. कामतांचे प्रमाण स्वातंत्र्यपूर्व काळातील मुलांवर आणि मॅलिनचे अर्धशतकापूर्वीच्या मुलांवर बेतलेले आहे. ह्या वाढीव अंकाने मुलाचा मान वाढतो, असे कोणाला वाटेल. पण ज्याला खरोखर साहाय्याची गरज आहे, ते मूल अशा अंकामुळे रेषेच्या वर जाते आणि साहाय्याला मुकते. यंत्राला हा दोष कळत नाही; तो कळावयाचा तो माप हाती धरणाऱ्या माणसाला, आणि त्याला तो त्याच्या शिक्षणानेच कळावयाचा.

अशा वेळी शिक्षणाची चौकटच हलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम. फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरविले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ती बंद झाली. इतर विषयांत एम. फिल. ही संशोधनाची एक पायरी होती. चिकित्सालयीन मानसशास्त्रात ती व्यवसायाचा परवाना होती. हा भेद ध्यानात आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये ह्या विषयापुरती मुदत २०२५-२६ च्या सत्रापर्यंत वाढविण्यात आली. दरम्यान पुनर्वसन परिषदेने बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आखला. २०२५ साली आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम थांबविले. सत्तर वर्षे जो पाया धरून इमारत उभी होती, तो पाच वर्षांत उकरला गेला.

बदलाच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी सुमारे ७.३ टक्क्यांना मानसिक विकार आढळले. एवढ्या मुलांना एम. ए. नंतर आणखी दोन वर्षे शिकलेली मोजकी माणसे कशी पुरणार? शिडीला खालच्या पायऱ्या हव्यात, तालुक्याच्या गावी पोहोचणारी माणसे हवीत, हे म्हणणे रास्त आहे. उलट बाजूही तितकीच रास्त आहे. पायऱ्या वाढविताना देखरेखीचे तास कमी झाले तर समाजाला माणसे मिळतील पण पारखी मिळणार नाहीत. आणि चुकीची पारख झालेल्या मुलाला ती चूक आयुष्यभर वाहावी लागते. प्रौढ रुग्ण निदान तक्रार तरी करू शकतो. आठ वर्षांचे मूल आपल्यावर लिहिलेला अहवाल वाचूही शकत नाही.

ह्या दोन्ही बाजूंचा मेळ घालावयाचा तर इतिहासाकडे वळून पाहावे लागते. कामतांकडून एक गोष्ट घेता येते: मुलाची भाषा ही तपासणीची अडचण नसून तिचा पाया आहे. मुंबईच्या केंद्राकडून दुसरी: मुलाविषयीचा निर्णय एकट्याने घेऊ नये, डॉक्टर, शिक्षक आणि घर ह्यांना बरोबर घ्यावे. बंगळूरच्या १९५५ च्या पदविकेकडून तिसरी: ज्येष्ठाच्या नजरेखाली काढलेल्या दोन वर्षांना पर्याय नाही. नव्या अभ्यासक्रमाला नाव कोणतेही मिळो, त्याची वर्षे दोन असोत वा सहा, त्यात मुलांमध्ये घालविलेला काळ निश्चित लिहिलेला असावा, तो शाळेतही घालविलेला असावा, आणि ज्या मुलांची तपासणी करावयाची त्यांची भाषा शिकणे हा त्याचा भाग असावा. चौथी गोष्ट कोणत्याच जुन्या अभ्यासक्रमात नव्हती, ती म्हणजे मापे ठराविक मुदतीने नव्याने बसविण्याची जबाबदारी. ती आता कोणीतरी उचलावयास हवी.

बसवनगुडीच्या रस्त्यांवर सकाळी शाळेला निघालेली मुले दिसतात. त्यांतले एखादे मूल घरी आईशी मराठीत बोलते, खेळताना मित्राशी कन्नडमध्ये भांडते आणि वर्गात इंग्रजीतून उत्तर देते. असे मूल वाचनात अडखळले तर अडचण डोळ्यांची, भाषेची, घराची की बुद्धीची, हे ओळखण्यासाठी ह्या तिन्ही जगांत वावरलेला माणूस लागतो. प्लेगच्या वर्षी ह्या शहराने मोकळ्या हवेसाठी नवे रस्ते आखले होते. त्या मुलापर्यंत जाणारा रस्ता अजून आखावयाचा आहे.